पावाची पिशवी, केळ्यांची धुरी

संपादकांचा निरोप आला, "डॉक्टरीणबाई, तुमच्या धंद्यातल्या काही रंजक आठवणी लिहून द्या." अर्ध्या वसईला मी जन्माला घातलं आणि उरलेल्या अर्ध्या वसईला मरू दिलं नाही, एवढं एका ओळीत सांगून मोकळं होता आलं असतं. पण त्यांना पानं भरायची आहेत आणि मला आता दुसरं काम नाही. सोपाऱ्याचा दवाखाना मागच्या वर्षी बंद केला. पाटी उतरवायला माणूस आला, त्यानेही शिडीवरूनच विचारलं, "बाई, जरा पित्त झालंय, काय घेऊ?" मी म्हटलं, "आधी खाली उतर. पडलास तर तुला जोडायला इथे आता कोणी नाही."

थकले आहे मी. झोपून जाणारा थकवा नव्हे हा. जन्मभर दुसऱ्यांचे श्वास मोजत बसलं की शेवटी स्वतःचा श्वास घेणंही एक काम वाटायला लागतं, तसला.

आठवणी म्हणाल तर पोतंभर आहेत. माडावरून पडलेले, मिठागरात पाय कापून घेतलेले, नारळ डोक्यात पडूनही नारळच फुटलेले. पण त्या कोणीही सांगेल. मी सांगणार आहे ती गोष्ट आंबटपणाची आहे. नाक मुरडू नका. माणूस जगतो की मरतो ते पुष्कळदा यावरच ठरतं.

आगाशीला एक निवृत्त गुरुजी होते. त्यांचा खायच्या सोड्यावर इतका जीव, की तपकिरीच्या डबीत सोडा घालून फिरायचे. लिंबाचं झाड दिसलं तर रस्ता बदलायचे. एकदा माझ्यासमोर बसून गंभीरपणे म्हणाले, "बाई, माझं रक्त आंबट झालं आहे."

"गुरुजी, रक्त आंबट झालं असतं तर तुम्ही इथे चालत आला नसतात. चौघांनी तुम्हाला दुसरीकडेच नेलं असतं."

"मग हे जळजळतं ते काय?"

"ते पोट. पोट आंबटच असतं, तो त्याचा धंदा आहे. तुम्ही त्याच्या धंद्यात कशाला पडता?"

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी जरा उलगडून सांगते. रक्त हे पाण्यापेक्षा किंचित, अगदी किंचित सोड्याच्या बाजूला झुकलेलं असतं, आणि तिथून केसभर हललेलं त्याला खपत नाही. आता पंचाईत अशी, की आपण जेवतो ते अंगात जळतं आणि जळल्यावर त्याचा आंबट कचरा होतो. सतत होतो; तुम्ही झोपलात तरी, हा लेख वाचत बसलात तरी. तो काढायला देवाने तीन जण नेमले आहेत. पहिला, रक्तातच विरघळलेला सोडा. आंबट दिसलं की तो जागच्या जागी त्याला गाठतो आणि मारतो, पण त्यात स्वतःही खर्ची पडतो. दुसरं फुफ्फुस. ते आंबटाचा वायू श्वासावाटे बाहेर फेकतं. फार चपळ. कचरा वाढला की क्षणात श्वास वाढवतं. आणि तिसरी मूत्रपिंडं. त्यांचा कारभार ग्रामपंचायतीसारखा. आज अर्ज दिला तर दोन-तीन दिवसांनी हालचाल, पण काम पक्कं. उरलेलं आंबट लघवीतून बाहेर आणि खर्च झालेला सोडा पुन्हा तयार.

गुरुजी वरून खात होते तो जास्तीचा सोडा त्यांची मूत्रपिंडं निमूटपणे बाहेर टाकत होती. जन्मभर त्यांनी आपल्या परसात सोडा शिंपला. तिथे अजून गवत उगवत नाही म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणते.

यानंतरचा इनास. ख्रिस्ती वाडीतला, अंगाने रेड्यासारखा, समुद्रात होडी एकट्याने ओढणारा गडी. त्याचं लग्न. मी पाहुणी म्हणून चर्चमध्ये दुसऱ्याच बाकावर, नवी साडी नेसून बसलेली. बाहेर बँडवाले गाल फुगवून तयार. आणि अंगठी घालायची वेळ आली तशी इनासला घाबरायला झालं. भरभर श्वास घ्यायला लागला. बघता बघता त्याच्या हाताची बोटं एकमेकांना चिकटून चोचीसारखी झाली, मनगट आत वळलं, आणि अंगठी काही केल्या बोटात जाईना. नवरी ढकलते आहे, करवला ओढतो आहे. मागून कोणी तरी ओरडलं, "करणी हाय ही! हात बांधला त्याचा!"

फादर माझ्याकडे बघून म्हणाले, "डॉक्टर, काही तरी करा. अकराची दुसरी जोडी बाहेर उभी आहे."

त्याला झालं होतं ते आंबटाच्या नेमकं उलट होतं. भीतीने तो इतका श्वास टाकत होता, की अंगात राहायला हवा तेवढाही आंबट वायू बाहेर जात होता. रक्त सोड्याच्या बाजूला कललं की बोटं अशी वळतात. औषध काय, तर स्वतःच सोडलेली हवा पुन्हा घ्यायची. एका म्हातारीच्या हातात पावाची कागदी पिशवी होती. मी पाव तिच्या ओच्यात ओतले, पिशवी इनासच्या नाकातोंडावर धरली आणि म्हटलं, "हळू. ह्यात घे, ह्यातच सोड." पाच-सात मिनिटांत चोच उघडली, बोटं सुटली, अंगठी शिरली. चर्चमध्ये टाळ्या पडल्या. देवाला नव्हे, मला. बँडवाल्यांनी तर मला टांग्यापर्यंत वाजवत सोडलं. निदान माझ्या कानात तरी वाजत होतं.

त्या दिवसापासून 'पावाची पिशवी' हे औषध वसईत पसरलं. कोणाला दम लागला, पिशवी. सासू-सुनेचं भांडण होऊन सुनेला धाप लागली, पिशवी. बेकरीवाला मला भेटला की हात जोडायचा. मी लोकांना सांगून दमले, की बाबांनो, हे फक्त घाबरलेल्या माणसाचं औषध आहे. पण माझं औषध ऐकणारे पुष्कळ होते, माझं बोलणं ऐकणारं कोणी नव्हतं.

आता मूळ गोष्टीकडे येते.

निर्मळच्या अलीकडे एक केळीची वाडी होती. तिची मालकीण चंपूबाय. विधवा, काटक, आवाज असा की तिने वाडीत हाक मारली तर भुईगावच्या होड्या परत फिराव्यात. मूळची ती खाडीकडच्या भातशेतीच्या गावची, त्यामुळे 'पाणी' तिच्या तोंडून 'पानी' व्हायचं. तिचा मुलगा मुंबईला नोकरीला, आठवड्याने घरी येणारा. त्याची बायको सुनंदा. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. लग्नात चांगली भरलेली पोर होती ती.

चंपूबायच्या घरात केळी पिकवायची खोली होती. कच्चे घड आत रचायचे, मडक्यात गोवऱ्यांचा धूर करायचा, दाराच्या फटी शेणामातीने लिंपून टाकायच्या आणि धुरी पुरी होईपर्यंत दार उघडायचं नाही. उघडलं तर माल अर्धा हिरवा, अर्धा काळा. त्या घरात पिकल्या केळ्याचा वास असा मुरलेला, की भिंतीला चाटलं तरी गोड लागेल.

सकाळी दवाखाना उघडत होते तोच वाडीतला गडी धावत आला. "सुनंदावहिनीला धाप लागलीय. पिशवी दिली, पण थांबत नाय." माझा टांगा तयारच होता. टांगेवाला बाळू आणि त्याचा घोडा राजा यांच्याबद्दल एवढंच सांगते, की राजाने इतके रोगी पाहिले होते की त्याला फक्त प्रमाणपत्र नव्हतं.

आत गेले तर माजघरात खाटेवर सुनंदा. भोवती सहा-सात बायका, आणि चंपूबाय स्वतः तिच्या तोंडावर पावाची पिशवी दाबून बसलेली.

"ये गो बाय! तुझंच औषद चालू हाय. सकालधरनं धरून हाय मी."

मी पिशवी हिसकावली. चंपूबायचा चेहरा असा झाला, जणू मी तिच्या हातातून गंगाजळ काढून घेतलं.

"अगो, तूच तर सांगतेस ना? चर्चमदी सगल्यांनी बघितलं!"

"बाहेर व्हा सगळ्या. चंपूबाय, तुम्ही थांबा."

मी आधी हात पाहिले. बोटं सैल, मोकळी. इनाससारखी चोच नाही. छातीला नळी लावली. दमा असेल तर शिट्टी वाजते. इथे काहीच नाही, हवा स्वच्छ आत, स्वच्छ बाहेर. पण श्वास? तो लोहाराच्या भात्यासारखा. खोल, मोठा, एका लयीत, न थांबता. घाबरलेलं माणूस असा श्वास घेत नाही. घाबरायला शुद्ध लागते, आणि ही अर्धवट गुंगीत होती. जीभ उन्हात टाकलेल्या चामड्यासारखी कोरडी. गालफडं बसलेली. वर्षाच्या आत ती पोर अर्धी झाली होती.

"जेवते काय?"

"जेवते काय म्हनून काय विचारतेस! आधी वखवखून जेवायची. आता चार दिवस झाले, शिवत नाय. माहेरची आठवन, दुसरं काय. नखरे. आनि पानी! आख्खी विहीर पिते. मी म्हटलं अशक्त झालीय, तर ग्लुकोज पाजते. डबा संपवला कालपासनं."

जी शंका होती ती पक्की करायला मला एकच गोष्ट हवी होती: तिच्या तोंडाचा वास. खाली वाकले, हुंगलं. केळं. चादर हुंगली. केळं. स्वतःचा पदर हुंगला. तोही केळं! शेजारच्या खोलीत धुरी चालू, सगळं घर गोड झालेलं. त्या घरात कोणाच्या तोंडाला कसला वास येतो ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

"खाट बाहेर काढा. विहिरीपाशी."

"बाहेर? उघड्यावर? वारा लागंल पोरीला! आनि शेजारपाजारी काय म्हनतील, सून बाहेर काढली?"

"चंपूबाय, शेजाऱ्यांना काय म्हणायचं ते मी नंतर सांगेन. आधी खाट."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, माझ्या आवाजातली गंमत संपली आहे हे तिच्या लक्षात आलं. तिने गड्याला हाक मारली. दोघांनी खाट उचलून विहिरीच्या पलीकडे नेली. समुद्राकडून वारा येत होता, तोंडावर खारट लागणारा. घर वाऱ्याच्या पाठीमागे राहिलं, त्याचा वास इकडे येईना. मी थोडा वेळ नुसती उभी राहिले, नाक धुऊन घेतल्यासारखी. मग सुनंदाच्या तोंडाशी वाकले.

पिकल्या, उतू गेलेल्या फळासारखा गोड वास. फक्त तिथेच.

"चंपूबाय, इकडे या. हिच्या तोंडाचा वास घ्या."

ती वाकली. "केल्याचा हाय. खोलीतला."

"खोली तिकडे राहिली. वारा तर समुद्राकडून येतोय."

चंपूबाय परत वाकली. मान वर केली तेव्हा तिच्या डोळ्यांतला सगळा ताठा गेला होता. "मग हा कुठनं येतो गो?"

"तिच्या आतून."

जन्मभर रोग्यांना समजावलं, पण त्या दिवसाइतकं थोडक्यात कधी नाही. सुनंदाला मधुमेह होता. या वयात होतो तो जातीचाच वेगळा, झपाट्याचा. साखर रक्तात तुंबलेली, पण इन्शुलिन नाही म्हणून पेशींच्या वाट्याला काहीच नाही. मग अंग आपलीच चरबी जाळत सुटतं आणि त्यातून आंबटाचा पूर येतो. त्याच पुरातल्या एका पदार्थाचा हा गोड वास. रक्तातला सोडा संपत आलेला. मूत्रपिंडं आपल्या ग्रामपंचायतीच्या चालीने चाललेली. राहिलं एकटं फुफ्फुस. ते जिवाच्या आकांताने आंबट बाहेर फेकत होतं. ती धाप हा आजार नव्हता. त्या पोरीला जिवंत ठेवणारी तेवढी एकच गोष्ट होती ती, आणि तिच्यावर सकाळपासून पावाची पिशवी दाबून धरली होती.

हे शेवटचं मी चंपूबायला बोलले नाही. तिचं तिलाच कळलं. ती घरात गेली, जमिनीवर पडलेली पिशवी तिने उचलली, तिच्याकडे पाहिलं आणि चुलीत टाकली.

त्याच चुलीवर मी लघवी तपासली. तेव्हाची तपासणी म्हणजे काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे थेंब टाकायचे, उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. सुनंदाची नळी बघता बघता कौलासारखी लाल झाली.

इन्शुलिन थंडीत ठेवावं लागतं आणि माझ्या दवाखान्यात फ्रिज नव्हता. फादरच्या फ्रिजमध्ये, त्यांच्या पापलेटांच्या वर, माझी एक बाटली कायम असे. फादर तक्रार करायचे, "डॉक्टर, माझ्या माशांना तुमचं औषध लागतं." बाळूने राजाला असा पिटाळला, की टांग्याची चाकं जमिनीला लागली असतील तर मला ठाऊक नाही. तोवर मी सलाईन लावलं. इतकी कोरडी पडलेली शीर, की सुई घालताना मी वर बघून एक शिवी दिली. कोणाला ते सांगत नाही.

बाटली आली. सुई टोचली. पण ही लढाई खाटेवरची नव्हती, मुंबईच्या मोठ्या इस्पितळातली होती. आणि न्यायचं कशाने? वाडीच्या दारात ट्रक उभा होता. आधीच्या धुरीचा पिकलेला माल आठवड्यातून एकदा मुंबईला जायचा, तो त्यात भरून तयार होता. पिकलेलं केळं थांबत नाही. आज गेलं नाही तर उद्या गुरांना.

चंपूबाय ट्रकपाशी गेली आणि तिचा तो भुईगावपर्यंत पोचणारा आवाज निघाला. "उतरवा!"

ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, सगला माल?"

"सगला नाय तर काय अर्धा? माझी पोर माल हाय तुझा? उतरव!"

मी 'सून' ऐकायची सवय झालेली बाई. 'पोर' म्हणाली ती.

केळ्यांचे घड घसटू नयेत म्हणून ट्रकमध्ये केळीची सुकी पानं अंथरतात. त्या गादीवर सुनंदाला झोपवलं. सलाईनची बाटली दोरीने वरच्या दांडीला बांधली, पण खड्ड्यात ती झुलायला लागली तशी चंपूबायने ती हातात धरली. सोपाऱ्याच्या रेल्वे फाटकापाशी गाडी अडली, तुळिंजपर्यंत तिने फाटकवाल्याला ज्या शिव्या दिल्या त्या मी आजही वापरते. खाडीवरचा पूल ओलांडेपर्यंत तिचा हात खाली आला नाही. मी म्हटलं, "द्या, मी धरते." ती म्हणाली, "तू श्वास बघ. तेवढं मला येत नाय."

मी श्वास बघत होते. मुंबई जवळ आली तशी मला वेगळीच भीती वाटायला लागली. फुफ्फुसालाही थकवा येतो. भाता चालवणारा थकला की श्वास लहान व्हायला लागतो. बघणाऱ्याला वाटतं, बरं वाटतंय, शांत झाली. तसं नसतं. तो हात टेकल्याचा आवाज असतो. सुनंदाचा श्वास लहान व्हायला लागला होता. मी ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पत्र्यावर मुठी आपटल्या. इस्पितळाच्या दारात गाडी थांबली तेव्हा माझ्या मुठी सुजलेल्या होत्या.

ती वाचली. फक्त वाचली म्हणते, कारण पुढचं दुखणं जन्माचं होतं. रोज सुई. रोज नळी उकळायची. तिच्या घरी फ्रिज आला तो फार उशिरा. तोवर इन्शुलिनची बाटली विहिरीच्या कडेला ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात असे. नवऱ्याने पुरुषासारखं तोंड फिरवलं नाही, हेही नोंदवून ठेवते, कारण तसं होणं गृहीत नव्हतं.

पण खरी गंमत चंपूबायची. इस्पितळातून आल्यापासून तिने एक रिवाज सुरू केला. रोज सकाळी सुनेला विहिरीच्या पलीकडे न्यायचं, घर वाऱ्याच्या पाठीमागे राहील अशी उभी करायची आणि म्हणायचं, "आ कर." मग नाक तिच्या तोंडाशी नेऊन वास घ्यायचा. शेजारच्या बायका हसायच्या. "काय गो चंपू, सून पिकली की कच्ची?" चंपूबाय ढिम्म. दोनदा तिने वास धरला. एकदा तापात, आणि एकदा उन्हात राहून औषध बिघडलं होतं तेव्हा. दोन्ही वेळा नळीच्या आधी तिचं नाक बोललं. नळी दिवसातून एकदाच उकळायची; तिचं नाक मात्र सून नुसती जवळून गेली तरी चालू.

नंतर वाड्या विकल्या गेल्या. चंपूबायच्या अंगणात विहीर राहिली, पण समुद्राचा वारा यायचा त्या बाजूला तीन मजल्यांची इमारत उभी राहिली. मग ती सुनेला इमारतीच्या कोपऱ्यापर्यंत चालवत न्यायची, वाऱ्यात. चंपूबाय गेली ती दोन वर्षांपूर्वी. तेराव्याला मी गेले होते. सुनंदा साध्या साडीत, केस ओले, माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "बाई, आता सकाळी माझा वास कोण घेणार?"

मी काही विचार न करता म्हटलं, "येत जा माझ्याकडे."

ती येते. रोज सकाळी दूध घेऊन जाताना माझ्या घराच्या पायरीवर थांबते. मी गुडघ्यावर हात ठेवून कशीबशी उठते, बाहेर येते. ती तोंड उघडते. मी वाकते, हुंगते आणि म्हणते, "काही नाही. जा."

माझं नाक गेल्या पावसाळ्यातच गेलं आहे. स्पिरिट, फिनेल, केळं, कशाचाच वास येत नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सुनंदाच्या बोटांवर निळ्या औषधाचा ताजा डाग असतो. नळी तिने घरून निघण्याआधीच उकळून पाहिलेली असते. आणि तरीही ती माझ्यापुढे आ करते, मी हुंगून झाल्यावर तोंड मिटते आणि विचारते, "नक्की ना, बाई?"

"नक्की," म्हणते मी.

मग ती माझ्या हाताला धरून मला आत खुर्चीपर्यंत पोचवते, आणि जाताना दार लोटून घेते.